इंग्रजी वाक्यांच्या आकृत्या शिकवणारी सराववही: महिनाभर वापरून

कर्ता, कर्म, क्रियापद शाळेपासून पाठ आहेत, तरी लांबलचक इंग्रजी वाक्य आलं की मी अडखळायचे. म्हणून ही वही घेतली. वाक्यातले शब्द रेघांवर मांडून त्यांचं नातं दाखवायची ही पद्धत जुनी आहे, अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी १८७७ च्या पुस्तकात मांडलेली. एक आडवी रेघ, तिला आरपार छेदणारी उभी रेघ. डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद. कर्माआधीची उभी रेघ मात्र आडव्या रेघेवरच थांबते. विशेषणं खाली तिरप्या रेघांवर.

माझे डोळे उघडले ते एका छोट्याशा वाक्याने: 'शी फेड द डॉग अंडर द टेबल'. वहीत ते दोनदा काढायला लावलंय. 'अंडर द टेबल' हे 'डॉग'खाली जोडलं तर टेबलाखालच्या कुत्र्याला खाऊ घातलं. 'फेड'खाली जोडलं तर कुत्र्याला टेबलाखाली खाऊ घातलं. मराठीत लगेच फरक कळतो. इंग्रजीत शब्द तेच, क्रमही तोच! मी त्या पानावर अख्खी संध्याकाळ घालवली, आणि फार आनंदात घालवली.

एक तक्रार आहे. शेवटी उत्तरांत फक्त पूर्ण आकृती दिलीय, पायऱ्या नाहीत. क्रियापदाला 'आयएनजी' लागून नाम होतं, त्याची जिन्यासारखी मोडणारी रेघ तर जेमतेम दोन पानांत उरकलीय. मी तिथे तीनदा चुकले. नवशिक्यांनी तो पाठ सोबतीला कुणी जाणकार घेऊनच करावा. बाकी वही जरूर घ्या, पेन्सिल आणि खोडरबर मात्र जवळ ठेवा.