दुपारच्या चहाची किटली: बोन चायना, काच की स्टील?

रोजचा आलं घातलेला दुधाचा चहा पातेल्यातच व्हावा. सीटीसीचे, म्हणजे यंत्रात चुरून गोळी केलेल्या रोजच्या चहाचे, दाणे उकळीसाठीच बनवलेले असतात. दार्जिलिंगच्या लांब पानाला मात्र उकळी सोसत नाही. मे-जूनच्या खुडणीत, म्हणजे सेकंड फ्लशमध्ये, तुडतुडे नावाचे किडे कोवळी पानं शोषतात आणि त्यातून द्राक्षाच्या जवळ जाणारा मस्कटेल गंध तयार होतो. तो गंध कपापर्यंत पोचवायचा असेल, चार वाजता ट्रे मांडून निवांत चहा ओतायचा असेल, तर किटली पारखून घ्यायला हवी.

पारख दुकानातच होते. दुकानदाराकडे पाणी मागा, किटली काठोकाठ भरा. तोटीचं टोक किटलीच्या काठापेक्षा खाली असेल तर भरतानाच तोटीतून पाणी सांडेल, ती किटली परत ठेवा. मग ओता आणि मध्येच झटकन थांबा. तोटीची कड बारीक, नेमकी असेल तर धार तुटते. जाड, गोलसर कडेवरून थेंब तोटीखाली ओघळतो आणि घरी रोज टेबलक्लॉथवर डाग पाडतो. झाकणावरच्या छिद्रावर बोट ठेवून ओतल्यावर धार थांबली, तर झाकण घट्ट बसतंय. छिद्रच नसेल तर चहा गचके खात पडेल. शेवटचा कप ओतताना झाकण निसटू नये म्हणून त्याला आतून खटका हवा. किटलीच्या कानात, म्हणजे मुठीत, दोन बोटं घाला. पेरं किटलीच्या अंगाला टेकत असतील तर ती भाजणार.

आता आतली जाळी. सोनेरी किनारीपेक्षा हिच्याकडे जास्त बघा. साखळीला लटकणारे चहाचे गोळे टाळा, त्यात पान उलगडायला जागाच नसते. रुंद, किटलीच्या तळाजवळ पोचणारी स्टीलची जाळी हवी. जाळी उथळ असेल तर दोनच कपांचा चहा करताना पानं पाण्याच्या वर राहतात आणि चहा फुळकवणी होतो.

तिन्हींत पहिली पसंती बोन चायनाला. तिचं आतलं काचेरी लुकण (ग्लेझ) गंध धरत नाही, भिंत पातळ असूनही मजबूत असते आणि पांढऱ्या कपात चहाचा तांबूस रंग खुलतो. बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या, काचेत पान उलगडताना दिसतं, नवशिक्यासाठी ते फार उपयोगी. पण चहा लवकर निवतो आणि तोटी बहुधा ओघळते. दुहेरी भिंतीची स्टीलची किटली चहा बराच वेळ गरम ठेवते, मात्र आतलं काही दिसत नाही. दहा माणसं येणार असतील तर तीच बरी. जयपूरची निळी पॉटरी शोभेला ठेवा. ती ठिसूळ असते, गरम चहासाठी घेऊ नका.

750 मिलीच्या किटलीत 600 मिली पाणी घ्या, म्हणजे चार कप. आधी गरम पाण्याने किटली विसळा, नाहीतर थंड भिंतच पाण्याची उष्णता ओढून घेते. पान 8 ग्रॅम. चमच्यावर विसंबू नका, लांब पान फुललेलं असतं आणि चमचा दर वेळी वेगळा भरतो. पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबून, साधारण 90 ते 95 अंशांवर ओता आणि साडेतीन मिनिटं मुरू द्या. फर्स्ट फ्लश, म्हणजे पहिल्या खुडणीचं पान, असेल तर 85 अंश आणि अडीच मिनिटं पुरतात. वेळ झाली की जाळी बाहेर काढायचीच. पानं आत ठेवून वर टी-कोझी, म्हणजे किटली गरम ठेवणारं कापडी टोपडं, चढवली की दुसरा कप कडू-तुरट होतो, आणि दोष चहाला दिला जातो.

बोअरवेलच्या जड पाण्यात चहावर तवंग येतो आणि कपाच्या कडेला तपकिरी कड धरते. गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरा. दूध नको. लिंबू पिळलात तर रंग फिका होईल, गंधही दबेल. सोबत नानखटाई किंवा काकडीचं सँडविच छान. लसणाच्या चिवड्यापुढे हा चहा टिकत नाही.

डाग पडले तर ओल्या खायच्या सोड्याने बोटानेच चोळा, तारेची घासणी सोनेरी किनार खरवडते. अशी किनार असलेला कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, ठिणग्या उडतात. आणि घेण्याआधी सुटं झाकण मिळतं का ते विचारा, कारण सगळ्यात आधी तेच फुटतं.