सबमॉड्यूल की सबट्री? आधी दोघांचे डिफॉल्ट बघा

समजा एक टीम ठाण्यात वागळे इस्टेटला बसते, दुसरी नवी मुंबईत महापेला, आणि दोघांच्या प्रोजेक्टमध्ये लॉगिन-पेमेंटची तीच कॉमन लायब्ररी लागते. ती गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये, प्रोजेक्टच्या आत कशी ठेवायची, सबमॉड्यूल म्हणून की सबट्री म्हणून? माझं मत सरळ आहे, फीचर्सची यादी बघून ठरवू नका, डिफॉल्ट, म्हणजे आपण काही न बदलता चालू असलेली सेटिंग, बघून ठरवा, कारण टीममधले बहुतेक जण सेटिंगला कधी हातच लावत नाहीत.

सबमॉड्यूलमध्ये मेन रेपोकडे (प्रोजेक्टचं मुख्य कोड-भांडार) लायब्ररीच्या फाइल्स नसतातच, फक्त 'लायब्ररीचा अमुक कमिट (नोंदवून ठेवलेला बदल) वापरा' एवढी नोंद असते. साधा क्लोन मारला, म्हणजे रेपोची कॉपी घेतली, की लायब्ररीचं फोल्डर रिकामं येतं, पण ते निदान लगेच कळतं, बिल्ड फुटतो, कोणीतरी सांगतं की बाबा रिकर्स-सबमॉड्यूल्स लावून क्लोन कर.

खरा त्रास पुलचा, म्हणजे नवे बदल खाली घेण्याचा आहे. फेचचं (पुलचा पहिला टप्पा) डिफॉल्ट ऑन-डिमांड आहे, म्हणजे मेन रेपोत लायब्ररीची नोंद बदलली असेल तर तिचे नवे कमिट खाली येतात, पण सबमॉड्यूल.रिकर्स (कमांड सबमॉड्यूलमध्येही चालवणारी सेटिंग) डिफॉल्टने फॉल्स, त्यामुळे फोल्डरमधला कोड जुनाच राहतो. आता स्टेटसला लायब्ररी मॉडिफाइड दिसते, आपण तर हात लावलेला नसतो, आणि घाईत कोणी गिट ॲड डॉट (सगळे बदल एकदम घेणं) करून कमिट टाकला की लायब्ररी गुपचूप मागच्या कमिटवर जाते, दुसऱ्याने केलेला फिक्स गायब! रिव्ह्यूमध्येही सापडत नाही, कारण डिफॉल्ट डिफमध्ये (बदल दाखवणारी कमांड) फक्त दोन ओळी दिसतात, जुना हॅश आणि नवा हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक), त्यातला पुढचा कुठला आणि मागचा कुठला हे डोळ्यांनी कोणाला कळणार? डिफ.सबमॉड्यूल ला लॉग व्हॅल्यू दिली की कमिटची टायटल्स दिसतात आणि मागे गेलेले कमिट वेगळ्या खुणेने येतात, हे तर सगळ्यांनी आजच करावं.

दुसरा त्रास पुशचा, म्हणजे आपले कमिट सर्व्हरवर पाठवण्याचा. तिथलं डिफॉल्ट 'नो', म्हणजे सबमॉड्यूल पुश झालंय का हे बघितलंच जात नाही. वागळेवाल्याने लायब्ररीत कमिट केला, मेन रेपो पुश केला, लायब्ररी पुश करायची राहिली आणि तो ठाणे-वाशी लोकल पकडून घरी गेला, तर महापेवाल्यांना अपडेट करताना 'नॉट अवर रेफ' असा एरर येतो, आणि तो कमिट जगात फक्त त्याच्या लॅपटॉपवर असतो. पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स ला 'चेक' दिलं तर असा पुश मुळात अडतो.

आता डॉक्युमेंटेशनबद्दल, कारण मला हाच मुद्दा सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. फेच, रिकर्स आणि पुश ही तीन डिफॉल्ट तीन वेगळ्या नोंदींमध्ये लिहिलेली आहेत आणि एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणजे सबमॉड्यूल.रिकर्स ट्रू केलं आणि पुशचं वेगळं काही सेट नसेल तर पुश आपोआप 'नो' वरून ऑन-डिमांड होतो, लायब्ररीही पुश करायला जातो. हे माहीत नसताना कोणी ते चालू केलं तर गोंधळ ठरलेला. शिवाय सबमॉड्यूल.रिकर्स ही सेटिंग डॉट-गिटमॉड्यूल्स फाइलमध्ये (रेपोतली सबमॉड्यूलची यादी) टाकून सगळ्यांना देता येत नाही, प्रत्येकाला आपापल्या मशीनवरच करावी लागते. सीआयचंही (आपोआप बिल्ड-टेस्ट करणारी यंत्रणा) तेच, गिटलॅबची सबमॉड्यूल स्ट्रॅटेजी डिफॉल्टने 'नन', गिटहब ॲक्शन्सच्या चेकआउटमध्येही सबमॉड्यूल्स फॉल्स, म्हणजे दोन्हीकडे लायब्ररी येतच नाही.

सबट्रीचं उलट. लायब्ररीच्या फाइल्स मेन रेपोतच येतात, साधा क्लोन, साधा पुल, सीआयला काही सांगायला नको, नवीन माणसाला लायब्ररी बाहेरून आलीय हे कळलंही नाही तरी त्याचं काम अडत नाही. गिटच्या कॉन्ट्रिबमध्ये (गिटसोबत येणारी जादा टूल्स) ते २०१२ सालच्या १.७.११ पासून आहे. पण डिफॉल्ट इथेही आहेत, स्क्वॉश (लायब्ररीचे सगळे कमिट एकात दाबणं) लावलं नाही तर लायब्ररीची सगळी हिस्ट्री तुमच्या लॉगमध्ये उतरते, आणि एकदा स्क्वॉशने सुरुवात केली तर पुढचे पुलही स्क्वॉशनेच करा. लायब्ररीचा पत्ता ते लक्षात ठेवत नाही, दर वेळी प्रीफिक्स (लायब्ररीचं फोल्डर), यूआरएल, ब्रँच द्यावं लागतं, म्हणून ती कमांड एका स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवा. आणि आपले बदल परत लायब्ररीकडे पाठवायचे तर हिस्ट्री मोठी असली की स्प्लिटला (लायब्ररीची हिस्ट्री वेगळी काढणं) बराच वेळ लागतो.

मर्क्युरिअलवर (गिटसारखंच दुसरं टूल) असाल तर तिथे पुश डिफॉल्टनेच आधी सबरेपो (तिथलं सबमॉड्यूल) पुश करतो, आणि २.० पासून सबरेपोत कमिट न केलेले बदल असतील तर बाहेरचा कमिट थांबवतो. गिटनेही असंच असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

मग घ्यायचं काय? लायब्ररी नुसती वापरायची असेल आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा नवी आवृत्ती घ्यायची असेल तर सबट्री, दुसरा विचारच नको. दोन्ही ऑफिसमधून तिच्यात रोज बदल होत असतील, किंवा व्हेंडरच्या लोकांना मेन कोड दिसू द्यायचा पण लायब्ररी नाही असं असेल, तर सबमॉड्यूलच लागेल, पण मग रीडमीत (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) सगळ्यात वर तीन सेटिंग्ज लिहा, रिकर्स ट्रू, पुशला चेक, डिफला लॉग, आणि प्रत्येकापुढे डिफॉल्ट काय आहे आणि आपण का बदललं ते एका ओळीत लिहा. पुशचं चेक स्पष्ट सेट करायचंच, नाहीतर रिकर्समुळे ते ऑन-डिमांड होईल. सोबत एक सेटअप स्क्रिप्ट ठेवा म्हणजे नवीन माणूस पहिल्या दिवशी ती चालवेल आणि कामाला लागेल.