ठाणे स्टेशनजवळचा एनक्लेक्सचा क्लास

एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करायच्या परवान्याची परीक्षा. क्लास नौपाड्यात, झेरॉक्सच्या दुकानावर. एसी नावापुरता. पण शिकवणाऱ्या मॅडम एक नंबर! या परीक्षेत कॉम्प्युटर तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडतो. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. निकाल पक्का झाला की पेपर थांबतो, मग पास असो वा नापास. त्यामुळे ८५ला पेपर बंद झाला म्हणजे पास, हा समज मॅडमनी पहिल्याच दिवशी मोडला. रोज एकच रट: चार पेशंट, आधी कोणाकडे जाल? आणि का? बीएस्सी नर्सिंगला आम्ही नुसती व्याख्या घोकायचो. ऐरोलीतल्या माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मेट्रननं नेमकं हेच विचारलं. नोट्स मात्र जुन्या, २०२३ला बदललेल्या पद्धतीचे केस स्टडी त्यात नाहीतच. 'शंभर टक्के अमेरिका'वाल्या बोर्डाकडे बघू नका. फी हप्त्यांत भरा, पावती मागून घ्या.