स्टिअरिंग बॉक्स बदलल्याचे पैसे घेतले, पण त्याचा नटही हलवला नव्हता

जुन्या पिकअपचं स्टिअरिंग ढिलं लागतंय म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली, की गाडीखाली न शिरताच ‘बॉक्स गेलाय’ म्हणणारे मेकॅनिक भेटतात. बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकं वळवणाऱ्या दांड्यांपर्यंत पोचवणारी दात्यांची पेटी. मला असाच एक भेटला. त्याने जुनाच बॉक्स रंगवून बदललेला म्हणून माझ्या माथी मारला आणि खरा बिघाड तसाच ठेवून गाडी परत दिली. त्याच गाडीत मी घरच्यांना बसवून वेगाने प्रवास केला. पैसे गेल्याचा राग आहेच, पण हे लिहिते आहे ते मुख्यतः त्या प्रवासामुळे.

लक्षणं मी त्याला स्पष्ट सांगितली होती. सरळ रस्त्यावर गाडी एका रेषेत राहत नव्हती, सारखं सावरावं लागत होतं. खड्ड्यातून गेलं की दिशा आपोआप बदलायची. पुढच्या टायरच्या कडा दातेरी झिजल्या होत्या. हे शेवटचं लक्षण महत्त्वाचं आहे, कारण अशी झीज होते तेव्हा बहुधा चाकांचा आपसातला कोन बिघडलेला असतो आणि शोध बॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या सांध्यांकडे न्यावा लागतो. त्याने टायरकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याने काय केलं, तर इंजिन बंद असताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून दाखवलं. “बघा ताई, किती प्ले आहे. बॉक्स संपला.” प्ले म्हणजे चाकं न हलता स्टिअरिंग नुसतं फिरतं तेवढी ढिलाई. पॉवर स्टिअरिंगच्या बॉक्समध्ये आत एक पीळ घेणारा बारीक दांडा असतो. तो थोडा पिळला की तेलाची वाट उघडते आणि मदत मिळते. इंजिन बंद असेल तर ही मदत नसते, त्यामुळे चाकं हलायच्या आधी स्टिअरिंग थोडं फिरतं. चांगल्या गाडीतही. म्हणून पॉवर स्टिअरिंगचा प्ले बघायचा तो इंजिन चालू ठेवून आणि चाकं जमिनीवर, सरळ असताना. इंजिन बंद करून कोणी प्ले दाखवू लागला, तर तिथेच सावध व्हा.

संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा स्टिअरिंग खरंच घट्ट लागत होतं. पण काही दिवसांतच वळणानंतर ते आपोआप सरळ येईना, हाताने ओढून आणावं लागे. सरळ रस्त्यावर गाडीचं भटकणंही पुन्हा सुरू झालं.

मग दुसऱ्या मेकॅनिकने मला गाडीखाली बोलावून एकेक गोष्ट दाखवली. बॉक्स उतरवायचा तर त्याच्या खालून निघणारा, चाकांकडच्या दांड्यांना हलवणारा पिटमन आर्म सोडवावा लागतो. तो इतका घट्ट बसलेला असतो की पुलरशिवाय (घट्ट बसलेले भाग ओढून काढायच्या हत्याराशिवाय) सहसा निघत नाही. आमच्या गाडीत त्या नटावर गंजाचा आणि चिखलाचा जुना थर अखंड होता, पान्याची एक खूणही नव्हती. तेलाच्या दोन्ही पाइपांच्या जोडांवर तोच थर होता. बॉक्स बदलला की तेल सांडतं आणि नवं भरावं लागतं, पण टाकीतलं तेल पूर्वीसारखंच काळं होतं. काळा रंग थेट मातीवरच फवारलेला होता. चकचकीत होता फक्त बॉक्सच्या वरच्या ॲडजस्टिंग स्क्रूचा लॉकनट.

सगळी करामत त्या स्क्रूची होती. तो आवळला की आतले दाते एकमेकांवर दाबले जातात आणि प्ले गेल्यासारखा वाटतो. बॉक्स सर्वांत जास्त मधोमध झिजतो, कारण गाडी बहुतांश वेळ सरळच चालते. मधली झीज भरून काढायला स्क्रू जास्त आवळला, तर वळताना, जिथे झीज कमी आहे तिथे दाते अडकतात. स्टिअरिंग परत येत नाही ते त्यामुळेच, आणि बॉक्सही लवकर संपतो. कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे काम बॉक्स उतरवून, फिरवायला लागणारा जोर मोजून करायला सांगितलेलं असतं.

खरा दोष निघाला आयडलर आर्ममध्ये. बॉक्सच्या विरुद्ध बाजूला, चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) बसून मधल्या लांब दांड्याचं दुसरं टोक धरून ठेवणारा हा आर्म. त्याचं बुश, म्हणजे सांध्यातलं अस्तर, पार गेलं होतं. एका टाय रॉड एंडमध्येही, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या सांध्यातही, ढिलाई होती.

हे शोधायला कुठलंही खास यंत्र लागलं नाही. इंजिन चालू ठेवून भावाला स्टिअरिंगवर बसवलं आणि हलकेच, अगदी थोडं, डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगितलं. मेकॅनिक वरून खाली येत गेला: कॉलमखालचा शाफ्ट आणि त्याचं कपलिंग, बॉक्समध्ये जाणारं टोक, बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट, पिटमन आर्म, मधला दांडा, आयडलर, टाय रॉड एंड. प्रत्येक सांध्यावर प्रश्न एकच. एका बाजूची हालचाल दुसऱ्या बाजूला लगेच पोचते का? जिथे अडते तिथे दोष. आयडलरपाशी दांड्याचं टोक बाजूला सरकण्याऐवजी वर-खाली उडत होतं, ते मलाही लांबून दिसलं. बॉक्सचे बोल्टही नक्की बघून घ्या. ते ढिले असतील किंवा चेसिसला तिथे तडा असेल, तर अख्खा बॉक्सच हलतो आणि दोष मात्र आतल्या दात्यांवर जातो.

नंतर गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवलं तर मुख्यतः टाय रॉडची ढिलाई कळते, वर-खाली धरून हलवलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंगची. त्याच वेळी कोणी ब्रेक दाबला आणि खडखड थांबली, तर संशय बेअरिंगवर घ्यायचा.

थोडीशी ढिलाई स्टिअरिंगवर एवढी मोठी का वाटते, तेही समजून घ्या. बॉक्सचं गुणोत्तर 16:1 (स्टिअरिंग 16 अंश फिरलं की पिटमन आर्म 1 अंश) आणि पिटमन आर्म 15 सेंटिमीटर धरला, तर त्याच्या टोकाशी 1 मिलिमीटरचा प्ले स्टिअरिंगच्या कडेवर सुमारे 2 सेंटिमीटरचा होतो. म्हणजे हातात बराच प्ले लागला म्हणून सर्वांत महाग भागच गेला, असं अजिबात नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये फोटो घेऊन गेले. जुना बॉक्स दाखवा म्हटलं, तर तो भंगारात गेला म्हणाले. बिल पुढे केलं, तर त्यावर ‘स्टिअरिंग बॉक्स काम’ एवढंच होतं. नवा, दुरुस्त केलेला, की नुसता ॲडजस्ट केलेला, काहीच नाही. त्या तीन शब्दांच्या आड तो माणूस शेवटपर्यंत उभा राहिला आणि पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच कोणता भाग बदलणार ते लिहून घ्या, जुना भाग परत हवा असं सांगून ठेवा, आणि गाडी सोडण्यापूर्वी पिटमन आर्मचा नट व पाइपांचे जोड यांचे फोटो काढा.

आता आयडलर आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड नवे आहेत. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं काम, करून घेतलं. हे भाग बदलल्यावर ते करावंच लागतं, नाहीतर नवे टायरही तसेच झिजतील. बॉक्सचा स्क्रू परत योग्य जागी आणला आहे. गाडी सरळ चालते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मधोमध येतं. घट्ट आवळून चालवलेल्या काळात दात्यांची किती झीज झाली हे बॉक्स उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि ते काम आता दुसऱ्या मेकॅनिककडे, माझ्या समोर होणार आहे.