कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांचा वार्षिक पास : हायवे वनवर वर्षभर वापरल्यानंतर

कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांचा ‘एक्सप्लोरर’ वार्षिक पास आमच्याकडे आता वर्ष पूर्ण करत आला आहे. तो पुन्हा घ्यावा की नाही हे ठरवण्याची वेळ आली आहे, आणि नेमक्या याच सुमारास पास गाडीत असूनही पॉइंट लोबोस या राखीव क्षेत्राच्या फाटकावरून माघारी फिरावे लागले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. आम्ही सॅन होजेला राहतो आणि पासाचा जवळजवळ सगळा वापर हायवे वन या समुद्राकाठच्या रस्त्यावर, कार्मेल गावाच्या दक्षिणेला, बिग सरच्या किनाऱ्यावर केला आहे. इतर भागांत राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा असू शकेल.

प्रथम पैशांचे. पास १९५ डॉलरचा आहे आणि या पट्ट्यातील उद्यानांत एका गाडीला दिवसाचे १० डॉलर पडतात, तेव्हा पैसे वसूल व्हायला वीस वेगवेगळे दिवस जावे लागते. ‘वेगवेगळे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण फायफर बिग सर, अँड्र्यू मोलेरा आणि ज्युलिया फायफर बर्न्स या तिन्ही उद्यानांत एका दिवसासाठी एकच पावती चालते. गारापाटा या उद्यानाला शुल्कच नाही. हायवेच्या कडेला गाडी लावायची आणि कड्यावरच्या वाटेने चालू लागायचे. उलट, जांभळ्या वाळूसाठी प्रसिद्ध असलेला फायफर बीच नावाने सारखा वाटला तरी तो लॉस पाड्रेस राष्ट्रीय वनात येतो, त्यामुळे तिथे हा पास चालत नाही आणि वेगळे पैसे मोजावे लागतात. महिन्या-दीड महिन्यातून एकदा जाणाऱ्याने रोजची पावती फाडलेलीच बरी, हे स्पष्टच आहे.

आता मुख्य तक्रार. पास म्हणजे शुल्क भरल्याचा पुरावा. त्याने आत जागा मिळण्याची हमी मिळत नाही. अटींमध्ये हे लिहिलेले असते, परंतु आम्ही ज्या काउंटरवरून पास घेतला तिथे विचारूनही नीट उत्तर मिळाले नव्हते. पॉइंट लोबोसच्या आत जेमतेम दीडशे गाड्यांची सोय आहे आणि शनिवार-रविवारी ती सकाळीच भरते. शुल्क गाडीचे असते, माणसांचे नव्हे. त्यामुळे ज्यांनी हायवेच्या कडेला जागा मिळवली ते एकही डॉलर न भरता फाटकातून चालत आत जातात, आणि १९५ डॉलर भरलेले आम्ही, मागच्या सीटवर पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन, गाडी वळवतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना भरधाव वाहनांच्या शेजारून अर्धा-पाऊण मैल चालवत आणणे आम्हाला पटत नाही. आधी पैसे भरलेल्या माणसासाठी निदान काही जागा राखून ठेवायला काय हरकत आहे, हा प्रश्न माझ्या मनात कित्येक महिने होता, आणि या एका गोष्टीपायी पासाला मी पाचपैकी दोनच गुण दिले असते.

हे मत पुढे बरेच बदलले, आणि त्याचे कारणही पॉइंट लोबोसच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जमिनीचे घरांसाठी प्लॉट पाडून विक्री सुरू झाली होती. ए. एम. ॲलन यांनी १८९८ मध्ये इथे जमीन घेतली आणि विकले गेलेले प्लॉटही पुढे हळूहळू परत विकत घेतले. त्यामुळेच १९३३ मध्ये हा भूभाग राखीव क्षेत्र म्हणून राज्याच्या हाती येऊ शकला. माँटेरे सायप्रस या झाडाची नैसर्गिक वाढ साऱ्या जगात दोनच ठिकाणी उरली आहे, एक इथे आणि दुसरी खाडीपलीकडच्या डेल माँटे वनात. जे झाड आणखी कुठेही आपणहून उगवत नाही, त्याच्या मुळांवरून रोज किती पावले जावीत याला मर्यादा हवीच, आणि ती मर्यादा प्रत्यक्षात गाड्यांच्या संख्येनेच पाळली जाते. हे लक्षात आल्यावर वाहनतळ वाढवण्याची मागणी मी मनातून काढून टाकली. पासधारकांना आगाऊ वेळ ठरवून देण्याची सोय असावी, हा आग्रह मात्र कायम आहे.

तोवर आत जागा मिळवण्यासाठी सकाळी आठला फाटक उघडताना पोहोचायचे, हाच उपाय आम्हाला लागू पडला. त्या वेळी सायप्रस ग्रोव्हच्या वाटेवर फारसे कोणी नसते. वाट लहान आहे, आई-बाबा ती सहज चालतात. समुद्राकडच्या बाजूला झाडांच्या वाळक्या फांद्यांवर गंजासारखा भगवा थर दिसतो. तो रोग असावा असे बाबांना वाटले होते. प्रत्यक्षात ते ट्रेंटेपोहलिया नावाचे शैवाल आहे, त्यातल्या कॅरोटीनमुळे हा रंग येतो आणि झाडाला त्यापासून इजा होत नाही. जवळ वाकून पाहिले तर तो थर मखमलीसारखा, बारीक तंतूंचा दिसतो. तिथून व्हेलर्स कोव्हला उतरल्यावर चिनी मच्छीमारांनी १८५० च्या दशकात बांधलेली लाकडी खोली लागते. तिच्या जमिनीखाली आधाराला देवमाशाचे मणके घातलेले आहेत. आईने ते खाली बसून पाहिले आणि आतल्या काकांना एवढे प्रश्न विचारले की मला दुभाषाचे काम बराच वेळ करावे लागले.

पासाचा खरा उपयोग आम्हाला दक्षिणेकडे गेल्यावर कळला. रोजची पावती घेत होतो तेव्हा एका पावतीत तिन्ही उद्याने ‘करून’ टाकायची घाई असे, जशी एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास काढल्यावर चार दिवसांत निम्मा महाराष्ट्र उरकण्याची असते. वार्षिक पासामुळे ती घाई संपली. फायफर बिग सरमध्ये फक्त फायफर फॉल्सपर्यंत जाऊन परत यावे, वाटेत रेडवूडखाली डबा खावा आणि घरी निघावे, असे दिवस आता वाया गेलेले वाटत नाहीत. ही वाट २००८ च्या बेसिन वणव्यात उद्ध्वस्त झाली आणि नव्याने बांधून २०२१ मध्ये उघडली. घळीवरचा सत्तर फुटी पादचारी पूल त्याच कामातला. काम इतके नेटके आहे की पायऱ्या, निचरा आणि वळणे पाहण्यासाठी तरी एकदा सावकाश चालावे. धबधबा उन्हाळ्यात अगदी बारीक होतो, म्हणून पावसानंतरचे महिने निवडावेत.

अँड्र्यू मोलेरात याच्या उलट आहे. समुद्राकडे जाणाऱ्या काही वाटा बिग सर नदी ओलांडून जातात आणि नदीवरचा तात्पुरता पूल फक्त कोरड्या महिन्यांत असतो. हिवाळ्यात पाण्यातून जावे लागते. प्रवाह जोरात असेल तर जाऊ नये. सगळ्याच वाटांवर पॉयझन ओक, म्हणजे स्पर्शाने पुरळ उठवणारे झुडूप आहे. तीन-तीन पानांवरून ते ओळखायला मुलांना आधी शिकवावे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, अंगावर उठलेली पुरळ लवकर जात नाही.

ज्युलिया फायफर बर्न्सचा मॅकवे धबधबा सगळ्यांनी छायाचित्रांत पाहिलेला असतोच. सुमारे ऐंशी फुटांवरून पाणी वाळूवर पडते. १९८३ पूर्वी ते थेट समुद्रात पडत असे. त्या वर्षीच्या प्रचंड दरडीचा मलबा लाटांनी आणून टाकला आणि पुळण तयार झाली. खाली उतरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

दरडी हा या रस्त्याचा स्वभावच आहे. सांता लुसिया पर्वताचा भुसभुशीत, चिरडलेला खडक थेट समुद्रात उतरतो आणि १९३७ मध्ये पूर्ण झालेला हा रस्ता त्याच्या अंगावर कोरलेला आहे. २०१७ मध्ये मड क्रीकला डोंगर खाली आला आणि रस्ता २०१८ च्या जुलैत उघडला. २०२४ मध्ये रीजंट्स स्लाइड या दरडीने कार्मेल ते सॅन सिमिऑन हा सलग प्रवास पुन्हा दीर्घकाळ तोडला. पासाची मुदत मात्र खरेदीच्या दिवसापासून बारा महिने पळतच राहते. म्हणून पास घेण्याआधी कॅलट्रान्सचा, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याचा, नकाशा पाहावा, आणि निघताना पेट्रोल कार्मेललाच भरावे, कारण पुढे ते फार महाग मिळते.

आम्ही पास पुन्हा घेणार आहोत. ज्यांना एवढी रक्कम एकदम घालायची नसेल त्यांनी आधी आपल्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करावी. पुस्तकासारखाच राज्य उद्यानांचा पास तिथून विनामूल्य नेता येतो, फक्त प्रतीक्षा यादी लांब असू शकते. तो घेऊन एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी पॉइंट लोबोसला आठच्या आत पोहोचावे आणि मग १९५ डॉलरचा निर्णय करावा.