८ वर्षांचा म्हणून गळ्यात मारलेला घोडा: ३,१३,३०० रुपये कसे गेले

आधी आकडे सांगते, कारण जिथे जिथे तक्रार घेऊन गेले तिथे पहिला प्रश्न तोच होता. इसार म्हणून ऑनलाइन २५,०००. उरलेल्या २,१५,००० पैकी १,६०,००० बँकेतून आणि ५५,००० रोख. "जवळजवळ नवं" खोगीर ३८,०००. गाडीभाडं १८,५००. नंतरच्या आठवड्यात दोन्ही पुढच्या पायांचे एक्स-रे ९,६०० आणि रक्ताची तपासणी ७,२००. एकूण ३,१३,३००. रोख दिलेल्या ५५,००० ची पावती माझ्याकडे नाही. "गाडीवाल्याचे आणि नालबंदाचे पैसे आजच चुकवायचेत, पावती उद्या पाठवतो," असं घोडा विकणारा म्हणाला आणि मी ऐकलं.

या पैशांत काय मिळालं? कागदावर ८ वर्षांचा, खच्ची केलेला, "रोजच्या रपेटीला, लहान मुलालाही चालेल इतका शांत" घोडा. प्रत्यक्षात त्याचं वय १५ च्या पुढे आहे, पुढच्या दोन्ही खुरांत नेव्हिक्युलर हाडाचं, म्हणजे खुराच्या आत टाचेकडे असलेल्या छोट्या हाडाचं, जुनं दुखणं आहे आणि त्याच्याबरोबर आलेल्या खोगिराचा आतला सांगाडा तडकलेला आहे.

असे सौदे कसे रंगतात हे घोडेवाल्यांना सांगायला नको. सुंदर व्हिडिओ, "घरची अडचण म्हणून विकतोय", आणि आपण तिथे उभे असतानाच दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन. हे सगळं मला माहीत होतं. घोडा पाहायला मी नवखी म्हणून गेले नव्हते. पाय हाताने चाचपले, चारही खूर उचलून पाहिले, दुडकीत पळवून पाहिला, स्वतः बसून पाहिलं. तरीही फसले, आणि जिथे फसले ती जागा मला आजही झोपू देत नाही.

ती जागा म्हणजे दात.

घोड्याचं तोंड त्याने स्वतःच उघडून दाखवलं. खालचा ओठ खाली ओढला, जीभ बाजूला धरली आणि म्हणाला, "बघा ताई, खड्डे कसे काळेभोर आहेत. तरुण जनावर आहे." खालच्या पुढच्या सहाही दातांत गडद खड्डे होते. मी मान डोलावली. माझा राग आहे तो या मान डोलावण्यावर. या दातांमधले खड्डे वयाबरोबर झिजत जातात, साधारण सहाव्या वर्षी मधल्या जोडीत पुसतात, सातव्या वर्षी तिच्या शेजारच्या जोडीत आणि आठव्या वर्षी कोपऱ्यातल्या जोडीत. म्हणजे ८ वर्षांच्या घोड्याची खालची सगळी रांग जवळजवळ सपाट हवी. तो सांगत होता ८ आणि दाखवत होता पाचाचे खड्डे! खोटं बोलताना त्याने हिशेब चुकवला होता, पुरावा माझ्या डोळ्यांसमोर उघडा होता आणि मी "छान" म्हटलं.

हे खड्डे कोरलेले होते. म्हाताऱ्या घोड्याच्या सपाट दातात खड्डा पाडून तो काळा करायची ही फार जुनी लबाडी आहे. ती पकडायला काही लागत नाही. खऱ्या खड्ड्याभोवती पांढऱ्या, कडक इनॅमलचं कडं असतं, दाताच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर आलेलं. नख फिरवलं की अडकतं. कोरलेल्या खड्ड्याला ते कडं नसतं, आणि कोणी कितीही कसबी असला तरी ते बनवता येत नाही. वरचा ओठ उचलला असता तर नखाचीही गरज नव्हती. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर बाहेरच्या बाजूला हिरडीपासून एक उभी तपकिरी खाच उतरत जाते. ती सुमारे १० व्या वर्षी दिसू लागते, १५ च्या आसपास दाताच्या निम्म्यापर्यंत येते आणि २० ला पूर्ण लांबी गाठते. या घोड्याची खाच निम्म्याच्या खाली गेली आहे. दातांवरून वय वर्ष-दोन वर्ष इकडेतिकडे होतं, मान्य. पण ८ वर्षांच्या घोड्याला ती खाच असतच नाही. वरचा ओठ उचलायला दोन सेकंद लागतात. त्याने खालचाच ओठ धरून ठेवला होता आणि मी तो सांगेल तिथेच पाहत राहिले. घोड्याचं तोंड विकणाऱ्याला उघडू देऊ नका. स्वतः उघडा, बाजूने दातांचा कोनही पाहा. तरुण घोड्याचे वरचे-खालचे दात जवळजवळ सरळ रेषेत भेटतात, वय वाढतं तसे ते पुढे कलतात.

आता औषधाचं. आम्ही पोचलो तेव्हा घोडा खोगीर घालून तयार उभा होता आणि खोगिराखालची पाठ ओली होती. "सकाळी जरा फिरवून आणला," असं सांगितलं. खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं. विकाऊ घोडा थंड पाहायचा असतो: तबेल्यात बांधलेला, पाठ कोरडी, खोगीर खुंटीवर. तबेल्यातून बाहेर पडतानाची पहिली दहा पावलं सगळं सांगतात, आणि नेमकी तीच मला दाखवली नाहीत.

शांतपणाचं कौतुक मी केलं, तेही लिहून ठेवते. मान खांद्याच्या खाली गेलेली, खालचा ओठ लोंबलेला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढुरका पडदा थोडा पुढे आलेला, आणि सगळा वेळ लिंग बाहेर लोंबत होतं. एसप्रोमाझिन हे गुंगी आणणारं औषध दिलेल्या घोड्याची ही लक्षणं कुठलाही पशुवैद्य झोपेत सांगेल. नुसता दमलेला घोडाही मान टाकतो, हे माझं त्या वेळचं समर्थन, आणि ते अगदीच खोटं नाही. पण शेजारून ट्रॅक्टर धडधडत गेला तेव्हा त्याने कानसुद्धा वळवला नाही. दमलेला घोडा कान वळवतो. घरी उतरल्यावर तो एका दमात दोन बादल्या पाणी प्यायला. घोडा निस्तेज, गरीब दिसावा म्हणून काही लोक त्याला तहानेला ठेवतात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांनंतरही ती उभीच राहिली तर त्या जनावराला पाणी कमी पडलंय.

आणि लंगडणं? मी दुडकीत पळवूनही ते दिसलं नाही, याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही प्रत्येकाने ध्यानात ठेवावीत. एका पुढच्या पायात दुखत असेल तर तो पाय जमिनीवर पडताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय पडताना खाली आणतो. हे ओळखायला सोपं आहे. पण दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलत नाही, नुसतं पाऊल आखूड पडतं आणि तुम्हाला वाटतं की याची चालच अशी. त्याला उघडं पाडायचं तर कडक जमिनीवर, लांब दोरीवर, लहान गोलात, दोन्ही दिशांनी दुडकीत फिरवायचं. आतल्या पायावर भार वाढतो आणि डोकं बोलायला लागतं. मला फक्त मऊ वाळूत, सरळ रेषेत पळवायला दिलं. "फरशीवर घसरेल ताई, नवे नाल आहेत."

नवे नाल हीसुद्धा लबाडीच. आदल्याच दिवशी चारही नाल बदलले होते. टाच दुखणारा घोडा पायाचं पुढचं टोक आधी टेकवतो, त्यामुळे जुन्या नालेचं टोक झिजलेलं आणि टाच कोरी दिसते. जुनी नाल पाहिली असती तर एक्स-रेचे ९,६०० वाचले असते. व्यवहाराच्या आदल्या दिवशी नाल बदलली असेल तर जुन्या नाला मागा. "फेकून दिल्या" असं उत्तर आलं तर समजून जा. लंगडणं न दिसण्याचं दुसरं कारण गोळ्या. फेनिलब्युटाझोन, म्हणजे सगळ्या तबेल्यांत "ब्यूट" म्हणतात ते दुखणं दाबणारं औषध. काही दिवस सलग दिलं की असा घोडा बिनतक्रार पळतो. शनिवारी आणला, रविवारी ठीक होता, सोमवारी संध्याकाळी पाऊल आखूड झालं, मंगळवारी तबेल्यातून बाहेर यायला तयार नव्हता. गोळ्यांचा असर उतरत होता. तहानेल्या घोड्याला ब्यूट देणं म्हणजे त्याची किडनी आणि पोट दोन्ही धोक्यात घालणं. पैशांपेक्षा मला याचा जास्त संताप आहे.

पाचव्या दिवशी काढलेल्या रक्तात फेनिलब्युटाझोन सापडलं. एसप्रोमाझिन सापडलं नाही, तोवर ते शरीरातून निघून गेलेलं असणार. आणि आता तो विकणारा म्हणतो की ब्यूट तुम्हीच दिलं असेल. म्हणून रक्ताचा नमुना व्यवहाराच्या दिवशी, विकणाऱ्याच्या समोर, तुमच्या पशुवैद्याने काढायचा, नळीवर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि तो नीट जपून ठेवायचा. लगेच तपासला नाही तरी चालतो. नमुना काढायचं नुसतं नाव काढलं की अर्धे विक्रेते घोडा मागे नेतात. माझे पशुवैद्य तेव्हा दोन दिवस बाहेरगावी होते आणि त्याने दोन महिन्यांपूर्वीचं "लंगडेपणा नाही" असं प्रमाणपत्र पुढे केलं. दोन दिवस थांबायला हवं होतं. त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने घेतला असता तर घेतला असता.

ओळखीचा कागदही दुसऱ्याच घोड्याचा निघाला. कागदावरच्या आकृतीत कपाळावर एक भोवरा आहे, या घोड्याला दोन आहेत, एकाखाली एक. पायांचे पांढरे मोजे तेवढे जुळतात आणि मी मोजेच पाहिले. घोड्याच्या कातडीखाली बसवतात त्या ओळख-चिपचा १५ आकडी नंबर कागदावर होता, पण स्कॅनर "बिघडला" होता. मानेच्या डाव्या बाजूला चिप वाचून, आकडा न् आकडा कागदाशी ताडल्याशिवाय पैसे देऊ नका.

खोगीर. ३८,००० ला घेतलं कारण घोड्याच्या पाठीवर "बसलेलं" होतं. मान संपते तिथल्या पाठीच्या उंचवट्यामागे दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके होते. "जन्मखूण," तो म्हणाला. दोन्ही बाजूंना सारखी, अगदी खोगिराच्या टोकाखाली? ते जुन्या दाबाचे व्रण होते. पहिल्या अर्ध्या तासाच्या रपेटीनंतर खोगीर उतरवलं तर सगळी पाठ घामाने भिजलेली आणि तिथे तळहाताएवढे दोन कोरडे डाग. घामाच्या मधोमध कोरडा डाग म्हणजे तिथे दाब इतका की घामच येत नाही. मग सांगाडा तपासला. खोगिराचं पुढचं टोक पोटाला टेकवून मागचं टोक दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायचं. थोडी लवचीकता चालते. बैठकीच्या चामड्यावर आडवी सुरकुती पडली किंवा करकर झाली तर सांगाडा गेला. पुढच्या कमानीचे दोन्ही पाय आत दाबून, बाहेर ताणून पाहायचे, ते हलताच कामा नयेत. माझ्या खोगिराचा डावा पाय हलतो. तंगाच्या (खोगीर पोटाखालून आवळायच्या) पट्ट्यांची भोकंही लांबट झालेली आहेत, ती काळ्या पॉलिशखाली लपली होती. घोडा आणि खोगीर एकाच माणसाकडून एकाच दिवशी घेऊ नका. खोगीर पाठीवर ठेवल्यावर उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत, माणूस बसल्यावरसुद्धा, आणि मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये.

आणखी एक. "लहान मुलाला चालेल" म्हणणाऱ्याने घोड्याच्या तोंडात लांब दांड्यांचं, म्हणजे जोरदार ताण देणारं कडियाळ (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) घातलं होतं. शांत घोडा साध्या, एका सांध्याच्या कडियाळावर थांबतो. तुमचं स्वतःचं घेऊन जा आणि ते घालूनच बसून पाहा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात अडीच तास बसवलं. मग विचारलं, "मॅडम, घोडा मिळालाय ना? मग फसवणूक कुठे?" मी रक्ताचा अहवाल दाखवला, दातांचे फोटो दाखवले, भोवऱ्यांचं सांगितलं. "हा दिवाणी मामला आहे." लेखी अर्ज घेतला, पोच द्यायला पुन्हा दोन दिवसांनी बोलावलं, तेव्हा संबंधित साहेब रजेवर. सायबर विभागात गेले तर त्यांचा संबंध फक्त ऑनलाइन गेलेल्या २५,००० शी, बाकीच्या पैशांसाठी परत ठाण्यात जा. बँक म्हणाली, रक्कम तुम्ही स्वतः पाठवली, ओटीपी तुमचाच. ग्राहक तक्रार करायला निघाले तर आधीच ऐकवलं की तो व्यापारी आहे हे तुम्ही सिद्ध करा. एकच घोडा विकणारा माणूस विक्रेता धरला जाईलच असं नाही. वर्षभरात किती घोडे विकले हे तो मला सांगणार आहे का? ज्या पशुवैद्याच्या सहीचं प्रमाणपत्र होतं त्याच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची हे विचारायला तीन टेबलं फिरले. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने लेखी द्या म्हटलं, तिसऱ्याने लेखी घेतलं आणि सांगितलं की तपासलेला घोडा हाच होता हे प्रमाणपत्रावरून कळत नाही, त्यावर चिपचा नंबरच नाही. म्हणजे जी त्रुटी त्या सहीवाल्याने ठेवली, तीच माझ्या विरोधात गेली! एका जनावराला औषध देऊन, तहानेलं ठेवून, दुखऱ्या पायांवर पळवून विकलं गेलं, यावर एकाही टेबलावर एकाही माणसाने एक प्रश्न विचारला नाही. ५५,००० रोखीचं मात्र प्रत्येकाने विचारलं, ते का दिले म्हणून.

रोख देऊ नका. द्यावेच लागले तर व्यवहाराच्या कागदावर रक्कम, वय, चिपचा नंबर, "कोणतंही औषध दिलेलं नाही" हे वाक्य आणि "१४ दिवसांत लंगडेपणा किंवा रक्तात औषध आढळल्यास पूर्ण रक्कम परत" ही अट त्याच्या हाताने लिहून घ्या आणि साक्षीदाराची सही घ्या.

घोडा माझ्याकडेच आहे. नालबंदाने टाचेला आधार देणाऱ्या नाला बसवल्या आहेत, दर पाच आठवड्यांनी बदलायच्या. खुराचं पुढचं टोक वाढू द्यायचं नाही, कारण लांब टोकाने टाचेवरचा ताण वाढतो. दिवसभर मोकळा सोडते, कडक जमिनीवर दुडकी बंद. त्याच्यावर आता कोणी बसत नाही. त्या माणसाच्या व्हिडिओत परवा दुसरा घोडा दिसला, पाठ ओली, खालचा ओठ लोंबलेला, वय ७ सांगितलंय. कुणी पाहायला जाणार असाल तर वरचा ओठ उचला.