पुढची किमो की वेदनाशमन : निर्णयापूर्वीची तुलना

पसरलेल्या कर्करोगावर दोन प्रकारची औषधे देऊनही गाठ वाढतच राहते, तेव्हा कोल्हापुरातील कुटुंबापुढे साधारणपणे दोन वाटा उरतात. नवी किमो घेऊन पाहायची, त्यासाठी प्रसंगी परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत जायचे. किंवा रोगावरचे उपचार थांबवून वेदना, धाप आणि मळमळ यांवरच्या उपचारांसह, म्हणजे वेदनाशमनासह, घरी राहायचे. दुसऱ्या वाटेला ‘हात टेकले’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण तिच्यातही डॉक्टर, औषधे आणि रोजची दक्षता लागतेच.

तुलना रुग्णाच्या ताकदीपासून सुरू करावी. जो स्वतः अंघोळ करतो, दारापर्यंत फिरून येतो, त्याचे शरीर किमो पेलण्याची शक्यता असते. ज्याचा जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात जातो, त्याला बहुतेक गाठींच्या कर्करोगांत किमोचा उपयोग कमी आणि त्रासच अधिक होतो. लसिकाग्रंथींचे काही कर्करोग किंवा विशिष्ट जनुकीय बदल असलेला फुफ्फुसाचा कर्करोग यांत अशक्त रुग्णही औषधाने सावरू शकतो, म्हणून हा नियम डोळे झाकून लावू नये. डॉक्टरांना नेमके विचारावे : या औषधाने रोग बरा होणार आहे की थोडा काळ थोपणार आहे, आणि मिळणाऱ्या काळातला किती रुग्णालयात व प्रवासात जाईल? चंदगड-आजऱ्याकडच्या कुटुंबाने यातला प्रवास वेगळा मोजावा. कोल्हापूर गाठणे हेच त्या रुग्णाला दिवसभराचे कष्ट असतात.

वेदनाशमनाने आयुष्य घटते, ही भीती अनेक घरांत निर्णय अडवते. अमेरिकेत पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सुरुवातीपासून वेदनाशमनाची सेवा मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण 11.6 महिन्यांहून अधिक जगले, इतरांत हाच आकडा 8.9 महिने होता. म्हणजे किमो चालू असतानाही ही सेवा घेता येते, घ्यावीच. योग्य मात्रेतील मॉर्फिनमुळे मृत्यू लवकर येत नाही. बद्धकोष्ठता मात्र होते, म्हणून सोबत रेचक लागते. हे औषध सगळ्या दुकानांत मिळत नाही, तेव्हा रुग्णाला घरी आणण्याआधीच ते कोठून मिळेल आणि रात्री फोन कोणाला करायचा, हे ठरलेले असावे. तेवढे नसेल तर घर ही रुग्णालयापेक्षा कठीण जागा ठरते.

मन ठरत नसेल तर मुदतीचा प्रयत्न हा मला सर्वांत प्रामाणिक पर्याय वाटतो : किमोची दोन चक्रे घ्यावीत, स्कॅन करावा, आणि गाठ वाढली किंवा रुग्ण खचला तर थांबायचे, हे त्याच्यासमोर आधीच ठरवावे. जमीन गहाण टाकण्याचा किंवा उसाच्या बिलावर उचल घेण्याचा विचारही याच बैठकीत व्हावा, कारण वडिलांपासून आजार लपवला, तर ‘माझ्यासाठी कर्ज काढू नका’ हे सांगण्याचा त्यांचा हक्कही आपण काढून घेतो.

अखेरच्या आठवड्यांत प्रश्न अतिदक्षता विभागाचा येतो. न्यूमोनियासारखा, उलटवता येणारा त्रास असेल तर दाखल करण्यात अर्थ आहे. रोगानेच अवयव निकामी होत असतील तर व्हेंटिलेटर बहुधा मरणकाळ लांबवतो आणि भेटीच्या वेळाही ठरवून टाकतो. भूक मंदावणे हा शेवटच्या दिवसांचाच भाग असतो, आणि तेव्हा आग्रहाने दिलेल्या सलाइनने सूज व घशातील घरघर वाढू शकते.

शुद्धीवर असलेला, निर्णयक्षम रुग्ण कोणताही उपचार नाकारू शकतो. पुढे बोलता येणार नाही या शक्यतेसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली : दोन साक्षीदारांच्या सह्या, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. उपचार काढून घेण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. निर्देश नसला तरी मंडळे नातेवाइकांच्या संमतीने निर्णय घेऊ शकतात. त्यामुळे ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून, कोणत्याही वेदनाशामक व्यवस्थेविना रुग्णाला घरी नेण्याआधी ही प्रक्रिया सुरू करण्याची मागणी रुग्णालयाकडे लेखी करावी.